नेपाळला रेल्वेनं माल पाठवताना हिशेब सिर्सियापासून मागे धरा

कोलकात्याहून नेपाळमधल्या बीरगंजला पेटी, म्हणजे मालाचा कंटेनर, पोचायला किती दिवस लागतात, हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. गाडी प्रत्यक्ष रुळावर धावते ती दोन-तीन दिवस. बाकीचे दिवस पेटी नुसती उभी असते. आधी बंदरात गाडी भरायची वाट बघत, मग गंगेच्या अलीकडे रस्ता मोकळा व्हायची, मग भारताच्या हद्दीवरच्या रक्सौलच्या यार्डात पुढची लाइन रिकामी व्हायची, आणि शेवटी सिर्सियाच्या, म्हणजे बीरगंजच्या कोरड्या बंदराच्या, आवारात एखाद्या कागदाची. मी अकरा वर्षं कोलकात्यातल्या एका फॉरवर्डिंग ऑफिसात नेपाळच्या मालाचे कागद करते आहे. त्यातले दोन हंगाम रक्सौलला मुक्काम टाकून काढले. एकाच जहाजातून उतरलेल्या आणि एकाच गाडीवर चढलेल्या दोन पेट्यांपैकी एक चौथ्या दिवशी सिर्सियाबाहेर पडलेली आणि दुसरी तेविसाव्या दिवशीही आत उभी, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. रूळ दोघींना तेच होते.

म्हणून नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एकच सांगते. बंदरापासून पुढे दिवस मोजू नका. रिकामी पेटी शिपिंग लाइनला, म्हणजे जहाज कंपनीला, परत द्यायची तारीख आधी लिहा आणि तिथून मागे मागे या.

रूळ नेमके कुठवर जातात

नेपाळला समुद्र नाही, आणि डोंगरात शिरणारी मालगाडीही नाही. रूळ तराईच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्याच्या, कडेपर्यंत जातात आणि तिथंच थांबतात. मालासाठी सगळ्यांत महत्त्वाचं ठिकाण म्हणजे बीरगंजजवळचं सिर्सिया. नेपाळी लोक त्याला सुक्खा बंदरगाह म्हणतात, म्हणजे कोरडं बंदर. जागतिक बँकेच्या मदतीनं ते उभं राहिलं, रक्सौलपासूनचा ब्रॉडगेज फाटा भारतानं टाकला, 2004 च्या मे महिन्यात दोन्ही देशांत रेल्वे सेवा करार झाला आणि त्याच वर्षी गाड्या सुरू झाल्या. कोलकात्यापासून रक्सौल सुमारे 700 किलोमीटर, आणि रक्सौलपासून सिर्सिया जेमतेम पाच-सहा.

इथं एक गोष्ट आपल्या फार पथ्यावर पडते. रुळांची रुंदी दोन्हीकडे एकच आहे, 1676 मिलिमीटर. मंगोलिया किंवा कझाकस्तानच्या चीनलगतच्या हद्दीवर 1520 आणि 1435 ची गाठ पडते. तिथं प्रत्येक पेटी एका गाडीवरून उचलून दुसरीवर ठेवावी लागते, नाहीतर डब्यांची चाकं बदलावी लागतात. रक्सौलला हा खोळंबा नाही. कोलकात्यात लावलेला वॅगन तसाच सिर्सियाच्या फलाटाला लागतो. त्यामुळं वाटेत पेटीला कुणाचा हात लागायचं कारणच नसतं, आणि कुणी लावला असेल तर सीलवरून लगेच कळतं.

दुसरी वाट पूर्वेकडची. बिहारमधल्या बथनाहाहून विराटनगरच्या नेपाळी कस्टम्स यार्डापर्यंत 1 जून 2023 ला दोन्ही पंतप्रधानांनी मालगाडी सुरू केली. नोव्हेंबर 2025 मध्ये पारगमन कराराच्या (भारतातून नेपाळचा माल नेण्याच्या कराराच्या) प्रोटोकॉलमध्ये दुरुस्ती होऊन जोगबनी–विराटनगर मार्गावर कंटेनर आणि सुटा (पेटीत न भरलेला) माल दोन्ही रेल्वेनं न्यायची तरतूद झाली. विराटनगर, इटहरी, धरान या पट्ट्यात तुमचा ग्राहक असेल तर ही वाट आधी विचारा. तिकडचा माल बीरगंजला उतरवून पुन्हा पूर्वेकडे ट्रकनं नेणं म्हणजे हातानं दोनशे-अडीचशे किलोमीटर वाढवून घेणं. तिसरी वाट नौतनवा–सुनौलीची. बुटवल-भैरहवाकडच्या मालासाठी तिथपर्यंत रेल्वे आणि पुढे ट्रक.

जयनगर–कुर्था ही गाडी ऐकून पुष्कळजण मला विचारतात की त्यावरून माल जाईल का. ती 2 एप्रिल 2022 पासून चालते, आणि तिचे दोन डेमू (डिझेलवर चालणारे) संच आपल्या कोकण रेल्वेनं 2020 मध्ये नेपाळला दिले, म्हणून मराठी माणसाला तिचं अप्रूप असणारच. मलाही आहे. पण ती प्रवाशांची गाडी आहे. तुमच्या मालाच्या आखणीत ती धरू नका. रक्सौल–काठमांडू लाइनची पाहणीसुद्धा कोकण रेल्वेनंच केली आहे. ती लाइन झाली तर या लेखातलं निम्मं खोडावं लागेल आणि मी ते आनंदानं खोडीन. आज मात्र काठमांडूचा माल सिर्सियाला उतरतो आणि घाट ट्रकनं चढतो.

आधी ठरवा: माल भारताचा की भारतातून जाणारा

हे दोन प्रकार दिसायला सारखे असले तरी त्यांचे कागद पूर्ण वेगळे आहेत, आणि नवीन माणूस सगळ्यांत जास्त इथं घोटाळतो.

पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या कारखान्यातून नेपाळला माल गेला तर ती आपली निर्यात. शिपिंग बिल (निर्यातीचं घोषणापत्र), बीजक, पॅकिंग लिस्ट, मूळ देशाचं प्रमाणपत्र, जीएसटीसाठी एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र) हे सगळं नेहमीच्या निर्यातीसारखंच. बीजक भारतीय रुपयांत करता येतं. नेपाळी रुपयाचा दर 1 भारतीय रुपयाला 1.60 असा बांधलेला असल्यामुळं विनिमयाची धाकधूक नसते. भारतीय मूळ सिद्ध झालं तर नेपाळात शुल्कात सवलत मिळते, तेव्हा मूळ प्रमाणपत्र ‘नंतर पाठवतो’ म्हणून कधीही मागे ठेवू नका.

शांघायहून किंवा दुबईच्या जेबेल अलीहून कोलकात्याला उतरून नेपाळला जाणारा माल म्हणजे पारगमन. त्यावर भारत शुल्क घेत नाही. पण तो माल वाटेत भारतात विकला जाणार नाही याची खात्री भारतीय कस्टम्सला हवी असते. पूर्वी त्यासाठी कोलकात्यात सीटीडी, म्हणजे कस्टम्सचं पारगमन घोषणापत्र, भरायची, विमा द्यायचा, टेबलामागून टेबल फिरायचं. मी कामाला लागले तेव्हा आमच्या ऑफिसात दोन माणसं एवढंच काम करत. 2019 च्या सुरुवातीपासून इलेक्ट्रॉनिक कार्गो ट्रॅकिंग पूर्णपणे लागू झालं. आता शिपिंग लाइन थ्रू बिल ऑफ लेडिंग, म्हणजे शेवटच्या ठिकाणापर्यंतची एकच मालपावती, काढते, पेटीला जीपीएसचं ई-सील लागतं आणि कोलकात्यात आयातदाराच्या एजंटाला कागद घेऊन फिरावं लागत नाही. मार्ग सोडला किंवा सीलला हात लागला तर इशारा जातो. कंटेनरच्या मालासाठी हे वरदान आहे, आणि मी शब्द मोजून वापरते. सुट्या मालाला मात्र अजून जुनीच सीटीडीची चाल चालवावी लागते.

थ्रू बिल ऑफ लेडिंगवर एक रकाना डोळ्यांत तेल घालून बघा. ‘पोर्ट ऑफ डिस्चार्ज’ कोलकाता असेल, ते बरोबर. पण ‘प्लेस ऑफ डिलिव्हरी’ बीरगंज, सिर्सिया आयसीडी (म्हणजे कोरडं बंदर) असंच हवं. तिथंही कोलकाता छापलं गेलं, तर शिपिंग लाइनची जबाबदारी कोलकात्यातच संपली आणि पुढचं सगळं तुमच्या गळ्यात. जहाज सुटायच्या आधी मसुदा येतो तेव्हा ही दुरुस्ती एका ईमेलनं होते. जहाज सुटल्यावर तिला पैसे पडतात आणि दिवसही जातात.

कोलकाता की विशाखापट्टणम

कोलकाता बंदर समुद्रापासून सुमारे 200 किलोमीटर आत, हुगळी नदीवर आहे. मोठी जहाजं वर येत नाहीत. भरतीच्या वेळा सांभाळाव्या लागतात, लॉकगेटमधून आत शिरावं लागतं. म्हणून पेटी बहुधा कोलंबो किंवा सिंगापूरला मोठ्या जहाजातून उतरून छोट्या फीडर जहाजानं येते, आणि तिथंही आठवडा जाऊ शकतो. विशाखापट्टणमला पाणी खोल आहे, मोठं जहाज थेट लागतं. 2016 मध्ये नेपाळला ते बंदर खुलं झालं. रेल्वेचं अंतर जवळपास दुप्पट, भाडं त्या मानानं जास्त.

मग निवड कशी करायची? मी एकूण दिवस बघत नाही, दिवसांतला चढउतार बघते. कारखान्याचा कच्चा माल दर महिन्याला ठरल्या वेळी लागतो, तेव्हा थोडा लांबचा पण नेमाचा मार्ग परवडतो. एकदाच जाणारी यंत्रसामग्री असेल आणि पंधरा दिवस इकडेतिकडे चालणार असतील तर कोलकाता स्वस्त पडतं. बहुतेक आयातदार सवयीनं कोलकाता धरतात. त्यांना दोन्ही दर शेजारी शेजारी लिहून दाखवा, आणि त्या दरात बंदरातल्या थांबण्याचे दिवसही धरा.

गाडी कधी भरणार

कंटेनरची पूर्ण गाडी म्हणजे 45 वॅगन, 90 टीईयू. सोप्या भाषेत वीस फुटी 90 पेट्या. तुमच्या दोन पेट्या असतील तर उरलेल्या 88 कुणाच्या तरी जमेपर्यंत तुम्ही थांबणार. म्हणून गाडीवाल्याला, म्हणजे कंटेनर गाडी चालवणाऱ्या कंपनीला, ‘पुढची गाडी कधी’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘दोन दिवसांत’ असंच येतं, आणि तो खोटं बोलत नसतो, त्यालाही तसंच वाटत असतं. विचारायचं ते असं: गेल्या सहा गाड्या कोणकोणत्या तारखांना सुटल्या? त्या सहा तारखा कागदावर लिहिल्या की दोन गाड्यांमधलं खरं अंतर दिसतं. आमच्या टेबलावर प्रत्येक गाडीवाल्याच्या नावानं अशी एक वही आहे. वेळापत्रकापेक्षा मी तिच्यावर जास्त विसंबते.

गाडीवाला निवडायला आता वाव आहे, कारण जुलै 2021 मध्ये रेल्वे सेवा करारात बदल झाला. त्याआधी नेपाळचे कंटेनर नेणारं एकच सरकारी महामंडळ होतं. आता परवानाधारक खाजगी कंटेनर गाड्या, मोटारी नेणाऱ्या गाड्या, विशेष मालाच्या गाड्या, सगळ्यांना नेपाळचा माल नेता येतो. दर काढताना किमान दोघांना विचाराच.

गाडी सुटल्यावर वाट साधारण आसनसोल, झाझा, मोकामा, बरौनी, समस्तीपूर, मुजफ्फरपूर, मोतिहारी, सुगौली अशी. मोकामाला 1959 चा राजेंद्र सेतू आहे, एकेरी रुळाचा. प्रवासी गाड्या आधी, मालगाडी नंतर. तुमची पेटी ‘किऊल’ किंवा ‘मोकामा’ दाखवत सहा-आठ तास हलली नाही तर घाबरून फोन करू नका, ती रांगेत आहे. पण रक्सौल दाखवून एक दिवस उलटला तर मात्र फोन करा. सिर्सियाच्या आत किती रेक, म्हणजे पूर्ण मालगाड्या, लावता येतात याला मर्यादा आहे, आणि आतली गाडी रिकामी होत नाही तोवर बाहेरची उभीच. जाता जाता सुगौलीबद्दल: 1816 च्या ज्या सुगौली तहानं नेपाळची आजची बरीचशी हद्द ठरली, ते हेच गाव. आपली पेटी त्या स्टेशनातून जाते तेव्हा मला दर वेळी ते आठवतं.

तीन मीटर एकाच वेळी पळतात

पैसे कुठं जातात ते नीट समजून घ्या, कारण नफा इथंच बुडतो.

पहिला मीटर शिपिंग लाइनचा: डिटेन्शन. पेटी त्यांची आहे, ठरलेल्या दिवसांत रिकामी परत द्यायची. दुसरा आवाराचा: जागेचं भाडं, उतरवलेली पेटी तिथं पडून राहिली की सुरू. तिसरा रेल्वेचा: डेमरेज, म्हणजे वॅगन ठरलेल्या तासांत रिकामे केले नाहीत तर. कंटेनरच्या बाबतीत तिसरा बहुधा गाडीवाला सांभाळतो. पण क्लिंकर (सिमेंटचा कच्चा माल), पोलादाच्या कॉइल, खत, धान्य असा पूर्ण रेकभर सुटा माल तुम्ही मागवला असेल, तर तो थेट तुमच्यावर येतो, आणि तो दिवसांत नाही, तासांत मोजला जातो. रेक लागायच्या आधी ट्रक आणि हमाल दारात उभे हवेत. रेक लागल्यावर ट्रक शोधणारा माणूस पहिल्याच रात्री हरलेला असतो.

डिटेन्शनबद्दल एक प्रश्न लेखी विचारा: मोफत दिवस कुठून मोजणार? कोलकात्यात जहाजावरून पेटी उतरली तिथून, की सिर्सियाला पोचली तिथून? हा फरक कधी कधी दहा दिवसांचा असतो. चौदा मोफत दिवस ऐकायला छान वाटतात. पण ते कोलकात्यापासून असतील आणि गाडी भरायला आठ दिवस, प्रवासाला चार दिवस गेले, तर सिर्सियात तुमच्या हातात दोनच उरतात, आणि त्यात शनिवार आला तर एक. बुकिंग करतानाच हे बोलून घ्या. नंतर विनवण्या करून दिवस वाढतात, पण कमी.

एक आकडा

माझ्या तिसऱ्या वर्षीची गोष्ट. काठमांडूच्या एका औषध कारखान्यासाठी पॅकिंगचा माल होता, एकच वीस फुटी पेटी. सिर्सियाला गाडी पहाटे लागली. तिथला चेकर हातात टॉर्च घेऊन एकेका पेटीचं सील वाचतो आणि यादीशी ताडतो. नेपाळी एजंटानं सकाळी मला फोन केला, “दिदी, सील मिलेन,” जुळत नाही. पेटीवरच्या सीलवर शेवटचा आकडा 8 होता, आमच्या कागदांवर 3. मूळ देशातल्या माणसानं हातानं लिहिलेल्या स्लिपवरून कुणीतरी 8 चा 3 वाचला, तो तसाच बिल ऑफ लेडिंगवर उतरला, तिथून मॅनिफेस्टवर, म्हणजे जहाजावरच्या मालाच्या यादीवर, आणि माझ्या हातून मसुदा गेला तेव्हा मी पेटीचा नंबर तपासला, वजन तपासलं, सील तपासलं नाही. पेटी कुणी उघडलेली नव्हती, माल जसाच्या तसा होता. तरी दुरुस्तीचं पत्र मूळ देशातून येऊन सगळीकडे नोंद बदलेपर्यंत नऊ दिवस गेले. कारखान्याची एक पाळी बंद ठेवावी लागली. मालक मला फोनवर एक शब्दही रागानं बोलले नाहीत, त्यामुळं ते जास्त लागलं.

तेव्हापासून पेटी बंद होते तेव्हाच सीलचा फोटो मागवते. दोन फोटो: एक जवळून, आकडे वाचता येतील असा, एक दाराचा पूर्ण, पेटीचा नंबर आणि सील एकाच चित्रात दिसतील असा. पेटीच्या नंबरालाही एक सोपी चाचणी आहे. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटचा चौकटीतला सातवा आकडा, तो आधीच्या दहांवरून गणितानं काढलेला असतो. एक आकडा चुकला तर बहुतेक वेळा हा जुळत नाही. सीलला अशी काही सोय नाही, म्हणून फोटो.

भन्सारच्या टेबलावर

कस्टम्सला नेपाळीत भन्सार म्हणतात. तिथलं काम नेपाळी एजंटाचं, तुम्ही ते करू शकत नाही. पण त्याच्या हाती काय जाणार ते तुमच्या हातात आहे. आयातदाराचा पॅन आणि एक्झिम कोड (आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक) चालू आहे का, हे माल निघायच्या आधी विचारा. एजंट असिक्युडा या कस्टम्सच्या संगणक प्रणालीत प्रज्ञापनपत्र, म्हणजे मालाची घोषणा, भरतो. प्रणाली त्याला हिरवी, पिवळी किंवा लाल वाट देते. हिरवी म्हणजे सरळ, पिवळी म्हणजे कागद तपासणार, लाल म्हणजे पेटी उघडून बघणार. लाल आली म्हणून कुणावर संशय आहे असं नाही, पण पेटी अशी भरा की उघडल्यावर दारापाशीच प्रत्येक प्रकारचा एक नमुना हाती लागेल. आत खोलवर दडलेला एक खोका शोधायला अर्धी पेटी उतरवावी लागली तर एक दिवस गेला.

एचएस कोडबद्दल, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाच्या क्रमांकाबद्दल: भारताचा कोड आठ आकडी, नेपाळचाही आठ आकडी. पहिले सहा जगभर सारखे, शेवटचे दोन आपापले. आपल्या शिपिंग बिलावरचा कोड तसाच नेपाळच्या कागदांवर डकवला की गडबड होते. आयातदाराकडून त्यांच्या दरपत्रकातला कोड मागवा आणि पहिले सहा आकडे जुळतात का बघा. जुळत नसतील तर दोघांपैकी कुणाचं तरी मालाचं वर्णन चुकलं आहे. तो वाद माल घरी असतानाच मिटवा.

तारखांकडेही लक्ष द्या. नेपाळचे कागद विक्रम संवतात असतात, आपल्यापेक्षा 56-57 वर्षं पुढे. पतपत्रावरची (बँकेच्या एलसीवरची) मुदत एका पंचांगात आणि बिल ऑफ लेडिंग दुसऱ्यात असलं की डोकं चक्रावतं. मी दोन्ही तारखा शेजारी लिहिते. नेपाळचं घड्याळही आपल्या 15 मिनिटं पुढे आहे. बँकेची वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी आपण कागद पाठवतो, तेव्हा तिकडे ती संपून गेलेली असते.

वर्षाचं पंचांग

साप्ताहिक सुट्टी नेपाळात शनिवारी, आपली रविवारी. शुक्रवारी दुपारी राहिलेलं काम सोमवारी उजाडतं. पेटी गुरुवार-शुक्रवारी सिर्सियात लागणार असेल तर कागद बुधवारी पोचलेले हवेत.

दसैं आणि तिहारच्या, म्हणजे दसरा-दिवाळीच्या, आधी दीड महिना सगळ्या नेपाळचा माल एकदम येतो आणि सिर्सिया तुंबतं. सण सुरू झाला की भन्सार, बँका, ट्रकवाले सगळे घरी. लगेच मागून छठ येते, आणि रक्सौल-बीरगंजच्या पट्ट्यात छठेला हमाल मिळत नाही, मिळूही नये, त्यांचा तो वर्षाचा सण आहे. हे सहा-सात आठवडे टाळता आले तर टाळा, नाहीतर माल ऑगस्टच्या आत पोचवा. डिसेंबर-जानेवारीत उत्तर बिहारात धुकं इतकं दाट की गाड्या रांगत चालतात. एप्रिल-मे मध्ये दुसरीच काळजी: नेपाळचा अर्थसंकल्प दर वर्षी जेठ 15 ला, म्हणजे मेच्या अखेरीस येतो, आणि भन्सारच्या दरातले बदल लगेच लागतात. त्या आठवड्यात माल वाटेत असेल तर आयातदाराला आधीच सांगून ठेवा की शुल्क बदलू शकतं.

आणि सीमा बंद पडू शकते, हेही मनात असू द्या. सप्टेंबर 2015 पासून जवळपास साडेचार महिने रक्सौल–बीरगंजची वाहतूक ठप्प होती. त्या हिवाळ्यात काठमांडूत गॅसचे सिलेंडर मिळत नव्हते. ज्यांची सगळी पुरवठा साखळी एकाच नाक्यावर टांगलेली होती त्यांचे हाल मी ऐकले आहेत. नेमाचा मोठा माल असेल तर वर्षातून एक-दोन खेपा दुसऱ्या नाक्यानं पाठवा, म्हणजे तिथला एजंट, तिथले कागद, तिथली माणसं ओळखीची होतात. उत्तरेकडच्या चीनच्या वाटेवर मी भरवसा ठेवत नाही. रेल्वे तिबेटातल्या शिगात्सेपर्यंत, पुढे रस्ता, आणि जुलै 2025 मध्ये भोटेकोशीच्या पुरानं चीनच्या हद्दीवरच्या रसुवागढीचा मैत्री पूलच वाहून नेला.

सिर्सियाच्या पुढे, आणि परत

बारा-परसाच्या औद्योगिक पट्ट्यात, म्हणजे बीरगंज ते पथलैया रस्त्यावर कारखाना असेल, तर पेटी तशीच ट्रेलरवर दारात जाते. काठमांडूचं वेगळं. हेटौंडा, नारायणगढ, मुग्लिंग असा वळसा घेऊन ट्रक चढतात, आणि पावसाळ्यात नारायणगढ–मुग्लिंग रस्ता दरड कोसळून केव्हाही बंद होतो. जड पेटी घाटातून न्यायच्या ऐवजी सिर्सियातच रिकामी करून दोन-तीन लहान ट्रकांत माल भरलेला बरा. रिकामी पेटी तिथंच राहते, डिटेन्शनचा मीटर थांबतो, आणि दरडीत अडकला तर ट्रक अडकतो, पेटी नाही. खाण्याचा किंवा औषधांचा माल तिथं उतरवणार असाल तर शेजारच्या फलाटावर त्या दिवशी क्लिंकर किंवा कोळशाचा रेक लागलेला नाही ना, हे एजंटाला नक्की विचारा. त्या धुळीत उघडलेली पेटी मी पाहिली आहे. पांढऱ्या पिशव्यांवर बोटानं नाव लिहिता येत होतं.

नेपाळ जेवढं आणतो त्याच्या तुलनेत फार थोडं बाहेर पाठवतो. म्हणून परतीच्या गाडीत बहुतेक पेट्या रिकाम्या असतात, आणि रिकामी पेटी न्यायची कुणाला घाई नसते. तुमचा आयातदार स्वतः काही निर्यात करत असेल, गालिचे म्हणा किंवा चहा, तर शिपिंग लाइनला विचारून त्याच पेटीत परतीचा माल भरता येतो का बघा. दोघांचं भाडं वाचतं, आणि पेटी लवकर हलते.

ते जमलं नाही तर रिकामी पेटी कुठं परत घेणार, सिर्सियात की कोलकात्यात, हे बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या. सिर्सियात घेणार असतील तर फाटकातून आत गेल्याची पावती मागा, तिच्यावर तारीख, वेळ आणि पेटी कुठं चेपली असल्यास त्याची नोंद हवी. एजंट विसरतात, कारण त्यांच्या लेखी माल गेला की काम संपलं. मी ती पावती हातात येईपर्यंत फाइल कपाटात ठेवत नाही, टेबलावरच ठेवते.